वाकडं पाणी आणि फौजदार

मुलांनो, आधी डोळे मिटा. एक डोळा किलकिला ठेवून बघणाऱ्यांनी तोसुद्धा. आता असं समजा, की तुम्ही एका खोलीत उभे आहात. पडदे ओढलेले, दिवे मालवलेले. मधोमध एका स्टुलावर मुठीएवढं यंत्र ठेवलंय आणि त्यातून निघालेली लाल रेघ या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत भिंतीवर ताणून बसली आहे. खिडकीवरून, कपाटावरून आणि कपाटाला टेकून उभ्या असलेल्या एका मुलीच्या नाकावरून. (त्या उजेडात डोळे घालून कधीही बघायचं नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. नाकावर चालते.) आता सांगा, ती रेघ सरळ आहे की तिरपी?

घाई करू नका. चांगली शिकलीसवरलेली माणसं एका रविवारी याच प्रश्नावर दिवसभर भांडली, आणि त्या भांडणात एका माशाचं घर जाता जाता राहिलं.

नाकावर रेघ आलेली ती मुलगी म्हणजे खार. पाळण्यातलं नाव निराळं होतं, पण पेन्सिली कुरतडून कुरतडून हे दुसरं नाव तिने स्वकष्टाने मिळवलं होतं. आणि यंत्रामागे कमरेवर हात ठेवून उभे होते, ते तिचे बाबा.

बाबा एका कचेरीत हेडक्लार्क होते. तिरपं काही त्यांना बघवत नसे. कुणाकडे गेले, की आधी भिंतीवरच्या फ्रेमा सरळ करत आणि मग बसत. एकदा दाढ काढायला गेले, तर खुर्चीत आ वासल्या अवस्थेतही डॉक्टरांच्या पदवीच्या फ्रेमकडे बोट दाखवत राहिले. डॉक्टरांना वाटलं, हा माझ्या पदवीवर शंका घेतोय. त्यानंतर ती दाढ जरा जास्तच जोरात निघाली.

अशा या सरळ माणसाच्या हातून एकच फळी तिरपी लागली होती. खारीच्या अभ्यासाच्या टेबलावरची. बाबांनी ती नुसत्या नजरेच्या अंदाजाने लावली होती. घरातल्या घरात ते खपूनही गेलं असतं, पण खारीला एक मामा होता. चार माणसं जमली, की मामा सुरू करायचा, "आमच्या भाऊजींनी लावलेली फळी बघायला या एकदा! तिच्यावर पेन्सिल ठेवा, ती आपली आपण उतरून दप्तरात जाऊन बसते!" लोक पोट धरून हसत. बाबाही हसत. पण त्यांचं हसू आणि मामाच्या पाठीला लागलेले त्यांचे डोळे यांचा एकमेकांशी काही संबंध नसे.

आता मासा. खारीने शाळेच्या प्रयोगशाळेतून एक मासा घरी आणला होता. त्याला चांगल्या झुबकेदार मिशा होत्या, म्हणून त्याचं नाव फौजदार. फौजदारांचा मुक्काम आईच्या सगळ्यांत मोठ्या पातेल्यात होता. आईने पहिल्या दिवशी "बरं" म्हटलं. दुसऱ्या दिवशी काही म्हटलं नाही. आठवडा संपता संपता तिने हात पुसत निकाल दिला.

"रविवारी संध्याकाळी दादा येतोय. तोवर माशाला ठेवायला फळी लागली, तर मासा इथे राहील. नाही लागली, तर दादाबरोबर जाईल. त्याच्याकडे पेटी आहे, स्टँड आहे, सगळं आहे. मला माझं पातेलं हवंय."

खारीने बाबांकडे पाहिलं. त्या डोळ्यांत पाणी होतं आणि फळीची मागणी होती. बाबांना मात्र त्या डोळ्यांत मामा दिसला, फौजदारांना काखोटीला मारून जिना उतरणारा, आणि पुढच्या प्रत्येक समारंभात नवी गोष्ट सांगणारा.

"लागेल," बाबा म्हणाले. "आणि या वेळी अंदाजाने नाही. शास्त्राने!"

शास्त्र शनिवारी खोक्यातून आलं. लेझर लेव्हल, म्हणजे भिंतीवर सपाट रेघ आखून देणारं यंत्र! खोक्यात माहितीची एक पुस्तिका होती. ती इतक्या भाषांत होती, की आपली भाषा शोधण्यापेक्षा यंत्र नव्याने शोधून काढणं सोपं. बाबांनी ती खारीला कुरतडायला दिली. रविवारी सकाळी त्यांनी स्वयंपाकघरातलं स्टूल बाहेरच्या खोलीत आणलं, त्यावर यंत्र ठेवून त्याला दोऱ्याने घट्ट बांधलं आणि बटण दाबलं.

रेघ उमटली. पण ती लागली उघडमीट करायला, आणि यंत्र लागलं ओरडायला. पीं! पीं! पीं!

आता मी तुम्हाला एक गुपित सांगतो. बाबांना सांगू नका, त्यांचं त्यांना कळेल. या यंत्राच्या पोटात एक छोटासा लंबक टांगलेला असतो, गवंड्याच्या ओळंब्यासारखा. यंत्र थोडंसं कलतं असलं, तरी तो डुलत डुलत बरोबर खाली येऊन थांबतो आणि रेघेला सरळ करतो. पण यंत्र फारच कललं, तर लंबकाचा हात पोचत नाही. मग ते ओरडतं. ओरडतं म्हणजे काय, तर "मी पुरता तिरपा बसलोय हो, मला नीट ठेवा," एवढंच सांगतं बिचारं. ते स्टूल एका पायाने आखूड होतं. त्या पायाखाली एरवी घडी घातलेला पेपर असे. पण त्या दिवशी तिथे चुकून ताजाच पेपर गेला होता, आणि बाबांनी सकाळीच शब्दकोड्यासाठी तो ओढून काढला होता.

"माझ्याच घरात माझ्यावर ओरडतंय!" बाबा म्हणाले. कचेरीत त्यांच्या विभागात कुणी आवाज चढवत नसे. त्यांनी यंत्र चाचपलं. कडेला एक खटका होता आणि त्याच्यावर इवलंसं कुलूप काढलेलं होतं. बाबांनी खटका सरकवला. खट्. ओरडणं बंद. रेघ स्थिर.

"शिस्त!" बाबा खारीला म्हणाले. "यंत्र झालं तरी शिस्त लावावीच लागते."

तुमच्या लक्षात आलं ना? लंबकाला कुलूप लागलं. आता ती रेघ स्टूल सांगेल तशी जाणार होती.

बाबांनी भिंतीकडे पाहिलं आणि त्यांना घाम फुटला. खिडकी रेघेशी जुळत नव्हती. दाराची चौकट जुळत नव्हती. कपाट, कॅलेंडर, घड्याळ, सगळं घर वाकडं! इतकी वर्षं आपण वाकड्या घरात सरळ मानेने राहत होतो, या विचाराने त्यांना क्षणभर भरून आलं. मग ते कामाला लागले. लंबकाचं घड्याळ त्यांनी रेघेबरहुकूम सरळ केलं, तर ते बंद पडलं. "जुनी सवय मोडली, की थोडा धक्का बसतोच," बाबा म्हणाले. कपाटाच्या दोन पायांखाली पुठ्ठे सारले, तर त्याचं दार आपोआप उघडलं आणि आतली चादर बाबांच्या डोक्यावर आली. शेवटी त्यांनी ड्रिल काढलं आणि माशाची नवी फळी अगदी रेघेवर, केसाचाही फरक न ठेवता, ठोकून बसवली.

ड्रिलच्या आवाजाने शेजारचे अनुभवी काका आले. त्यांचं प्रत्येक वाक्य "मला अनुभव आहे" इथून सुरू व्हायचं, म्हणून ते अनुभवी.

"मला अनुभव आहे," ते रेघेकडे बघत म्हणाले. "हे घर वाकडं नाही. घर कधी एकटं वाकडं होत नसतं. इमारत झुकलीय!"

"इमारत?"

"बघा ना! भिंतीची रस्त्याकडची बाजू वीतभर वर, मैदानाकडची वीतभर खाली. मैदानाकडे झुकलीय. मला दोन आठवडे झोप डाव्या कुशीवर लागतेय, ती उगाच नाही."

थोड्याच वेळात सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांनी रेघ पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली, आणि मागच्या कमिटीला चार शब्द ऐकवले. मग त्यांनी नगरपालिकेत फोन लावला. रविवार असूनही पलीकडून कुणीतरी उचलला, ही त्या दिवसातली सगळ्यांत नवलाची गोष्ट.

"इमारत पडली आहे की पडणार आहे?" पलीकडचा आवाज.

"झुकली आहे."

"झुकलीसाठी विभाग नाही. पडली असेल तर मी बघतो. पडणार असेल तर उद्या या."

"अहो, पण उद्यापर्यंत पडली तर?"

"मग माझ्याकडेच या."

सेक्रेटरींनी फोन ठेवला आणि जिन्यात उभं राहून फतवा काढला. सर्व सभासदांनी जड सामान ताबडतोब रस्त्याकडच्या खोल्यांत हलवावं, म्हणजे तोल सावरेल. वजनदार सभासदांनीही तिकडेच बसावं.

"वजनदार म्हणजे कोण हो?" वरच्या मजल्यावरून काकूंचा आवाज आला. "नाव घेऊन सांगा की!"

सेक्रेटरी एकदम दुसऱ्या विषयाकडे वळले. "आपण माझ्या घरी पण मोजून घेऊ या," ते बाबांना म्हणाले.

बाबांनी यंत्र बांधलेलं स्टूल दोन्ही हातांनी, भरलेल्या ताटासारखं, जिन्यापलीकडे नेलं. दोन्ही घरं समोरासमोर. म्हणजे बाबांच्या घरी स्टुलाचं तोंड एकीकडे होतं, आता झालं नेमकं उलटं. रेघ पडली.

इथे भिंतीची मैदानाकडची बाजू वर होती, आणि रस्त्याकडची खाली.

"म्हणजे तुमचं घर मैदानाकडे झुकलंय," अनुभवी काका सावकाश म्हणाले, "आणि यांचं रस्त्याकडे. मला अनुभव आहे. इमारत मधोमध उघडतेय. पुस्तकासारखी!"

मुलांनो, जरा थांबा. स्टूल फिरवलं, तसा उतारही फिरला. मग खोट कुणाच्यात होती, इमारतीत की स्टुलावर? तुम्हाला कळलं. पण तुम्ही शांत बसून ऐकताय. तिथे माणसं कपाटं उचलत होती. नवा फतवा निघाला होता, की सगळं जड सामान मध्यभागी, म्हणजे जिन्यात आणायचं, पुस्तक मिटायला. दुपारपर्यंत जिन्यात कपाटं, पलंग, शिवणयंत्र आणि एका खुर्चीवर वरच्या काकू येऊन बसल्या. त्या वजनासाठी आल्या नव्हत्या, सेक्रेटरींवर नजर ठेवायला आल्या होत्या.

बाबा एव्हाना मोठा माणूस झाले होते. येणारी-जाणारी माणसं त्यांना आदराने वाट देत होती. "यांनी पकडलं हो!" असं कुणी म्हटलं, की ते "कर्तव्य" असं पुटपुटत.

तेवढ्यात खारीने बाबांचा सदरा ओढला. "बाबा, फळी लागली ना? मी फौजदारांना आणू?" तिने त्यांना पातेल्यातून काचेच्या मोठ्या बरणीत घेतलं होतं. बरणी तिने आधी टेबलावर ठेवली. स्टूल परत जागेवर आलं होतं. रेघ बरणीवर पडली.

बरणीतलं पाणी आणि रेघ एकमेकांना कात्रीसारखी छेदत होती.

बाबा वाकले. त्यांनी पाणी या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. आत फौजदार मिशा हलवत होते. बाबांपुढे दोन वाटा होत्या. एक, यंत्र चुकतंय. दुसरी त्यांनी धरली.

"पाणी वाकडं आहे," बाबा म्हणाले.

"काय?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"पाणी. वाकडं. आहे."

सेक्रेटरी धावत आले. "तरी मी म्हणत होतो! टाकी साफ केल्यापासूनच पाणी असं येतंय." खात्री करण्यासाठी अनुभवी काकांनी आपल्या घरचं गाळलेलं पाणी पेल्यातून आणलं. तेही वाकडं निघालं. काकूंनी विकतची सीलबंद बाटली दिली. तीही तशीच. "बघा," सेक्रेटरी विषादाने म्हणाले, "कंपन्यासुद्धा विश्वासाच्या राहिल्या नाहीत."

"पण बाबा, फौजदार सरळ पोहतायत," खार म्हणाली.

"त्याला सवय झालीय," बाबा म्हणाले.

आणि नेमका अशा वेळी मामा आला. जिन्यातली कपाटं चढून-उतरून आल्यामुळे तो घामाघूम झाला होता. त्याने तिरकं घड्याळ पाहिलं, दार उघडं टाकून उभं असलेलं कपाट पाहिलं, ओळीने मांडलेले पाण्याचे पेले पाहिले.

"भाऊजी, हे काय चाललंय?"

सेक्रेटरींनी त्याला सगळं सविस्तर समजावलं. ऐकता ऐकता मामाचा चेहरा उजळत गेला. वाढदिवसाला मनासारखी भेट मिळालेल्या मुलासारखा. "नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं," तो म्हणाला, "पण फळी लावता येईना म्हणून पाणी वाकडं? वा, भाऊजी! खारे, फौजदारांचं सामान बांध."

"सामान बांधायचं कारण नाही," बाबा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "फळी शास्त्रशुद्ध लागलेली आहे. ठेव गं बरणी."

खारीने बरणी छातीशी धरली होती. ती फळीकडे बघे, मग बाबांकडे, मग पुन्हा फळीकडे. बाबांचा शब्द मोडायचा तिला धीर नव्हता, आणि फळीचा भरवसा नव्हता. शेवटी बाबांनीच ती बरणी तिच्या हातातून काढून घेतली आणि फळीवर ठेवली.

क्षणभर काही झालं नाही. मग बरणी निघाली. आधी हळू, कचेरीतून निघालेल्या फायलीसारखी. मग तशी नाही. मामा झेलायला पुढे झेपावला, बाबाही झेपावले, दोघांची डोकी एकमेकांवर आपटली, अर्धं पाणी मामाच्या अंगावर आलं, आणि फौजदार हवेत एक सुंदर गिरकी घेऊन पडले ते थेट पाण्याने भरलेल्या पातेल्यात. फळीच्या उतरत्या टोकाखाली आई ते दोन्ही हातांनी धरून उभी होती. कधीपासून उभी होती, कुणास ठाऊक. बरणी पडली ती, पलंग जिन्यात गेल्यामुळे खाली राहिलेल्या गादीवर, म्हणून फुटली नाही.

या धांदलीत कुणाचा तरी पाय स्टुलाला लागला. स्टूल आडवं झालं, यंत्र जमिनीवर आपटलं, खटका सरकला, आणि दिवसभर कोंडलेला आवाज मोकळा झाला. पीं! पीं! पीं!

"पुन्हा ओरडायला लागलं!" बाबा खटक्याकडे धावले.

"राहू द्या हो," आई म्हणाली. "ओरडतंय तर काहीतरी सांगत असेल. मी ओरडते तेव्हा काय उगाच ओरडते?"

आईने पातेलं खाली ठेवलं, दोरा सोडला आणि यंत्र सपाट फरशीवर उभं केलं. ओरडणं थांबलं. रेघ एकदा डुलली, दोनदा डुलली आणि स्थिरावली. "आणि ते स्टूल डुगडुगतं, हे काय आजचं आहे? पेपर कुणी काढला त्याच्याखालचा?"

बाबांनी खिशावर हात ठेवला. शब्दकोडं तिथेच होतं.

खारीने बरणीत पाणी घेऊन, त्यात फौजदारांना सोडून ती रेघेसमोर फरशीवर ठेवली, आणि पाण्याची उंची रेघेशी मिळेपर्यंत वाटीवाटीने पाणी घातलं. पाणी आणि रेघ एकमेकांवर अशी बसली, की दोन्ही वेगळी दिसेनात.

मामाने हसायला तोंड उघडलं. पण बाबांनी हात वर केला. "थांबा. ते आत्ताच आपटलंय. खरं सांगतंय की नाही, हे तपासल्याशिवाय मी मानणार नाही." कपाळावर टेंगूळ घेऊन ते हे बोलले, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच बरोबर बोलले. त्यांनी खारीकडून पुस्तिका मागून घेतली. शब्द कुणालाच कळत नव्हते, पण कडा कुरतडलेल्या असूनही चित्रं शाबूत होती. चित्रांतला माणूस करत होता तसं त्यांनी केलं. यंत्र एका भिंतीजवळ ठेवून दोन्ही भिंतींवर रेघेच्या खुणा केल्या. मग ते समोरच्या भिंतीजवळ नेलं, पाठमोरं फिरवलं, खाली वह्या सारून रेघ जवळच्या खुणेवर आणली, आणि दूरच्या भिंतीपाशी गेले. यंत्र खोटं असेल, तर फिरवल्यावर दूरची रेघ आपल्या खुणेवरून घसरते. खरं असेल, तर पाठ फिरवूनही तेच सांगतं. मामा ओल्या सदऱ्यानिशी टॉर्च धरून उभा होता. रेघ खुणेवर होती. बरोबर खुणेवर.

"इमारत सरळ आहे," बाबा वळून म्हणाले. "दोष स्टुलाचा."

"आणि फळीचा?" खारीने विचारलं.

बाबांनी फळीवर सांडलेलं पाणी बाहीने पुसलं. "फळीचा माझा," ते म्हणाले.

मामाने तोंड उघडलं होतं, ते त्याने मिटलं.

"मग आता लावा ना नीट!" खार म्हणाली. पण सेक्रेटरींनी घसा खाकरला. ड्रिलची वेळ संपलेली होती. शिवाय इमारत झुकल्याचा फतवा त्यांच्याच सहीने जिन्यात लागला होता, आणि झुकत्या इमारतीत भोक पाडायची परवानगी कोण देणार? फतवा मागे घ्यायला सबळ कारण हवं. आपली चूक झाली, हे कारण नियमात बसत नव्हतं.

मामा दाराकडे बघायला लागला. आईने पातेलं घासायला घेतलं. खारीने बरणीला दोन्ही हातांनी मिठी मारली.

बाबा उठले. त्यांनी सेक्रेटरींचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि बरणी दाखवली. "साहेब, मघाशी पाणी वाकडं होतं, तुम्ही स्वतः पाहिलंत. आता?"

सेक्रेटरींनी चष्मा पुसला. "आता सरळ आहे."

"कुणाच्या कमिटीच्या काळात झालं?"

सेक्रेटरींचा चेहरा फुलला. पाच मिनिटांत जिन्यात नवा कागद लागला, की पाण्याबाबतच्या तक्रारीचे विद्यमान कमिटीने त्वरित निवारण केले असून इमारत पूर्ववत सरळ आहे. त्या आनंदात एका फळीपुरती ड्रिलची मुभाही मिळाली. अनुभवी काका म्हणाले, मला अनुभव आहे, पाणी असं आपोआप सुधारतं. वरच्या काकू मात्र खुर्चीवरून उठेनात. आधी "वजनदार" शब्द मागे घ्या, म्हणत होत्या.

बाबांनी फळीचं एक टोक नव्या जागी बसवलं. मामाने खालून धरलं. बरणी ठेवली. फौजदार दोनदा गोल फिरले आणि मुक्कामाला बसले. बरणी जागची हलली नाही. खारीने मामाला इतक्या प्रेमाने "आता तू जा" म्हटलं, की मामालाही वाईट वाटलं नाही.

बाबा शिडीवरून उतरले ते थेट अभ्यासाच्या टेबलाकडे गेले. तिथली ती जुनी फळी. नजरेच्या अंदाजाची. त्यांनी तिच्यावरून हात फिरवला. "आता हीसुद्धा काढतो," ते हळूच म्हणाले. "उगाच लोकांना हसायला." आणि त्यांनी पाना उचलला.

"नको!" खार ओरडली.

तिने आपल्या सगळ्या पेन्सिली गोळा केल्या. कुरतडलेल्या, अर्ध्या कुरतडलेल्या आणि एक नवीकोरी. फळीच्या वरच्या टोकाला त्या आडव्या मांडल्या. मग दप्तर उघडून ते खालच्या टोकाशी धरलं, एका बोटाने पहिल्या पेन्सिलीला ढकललं, आणि घरंगळत येऊन ती दप्तरात पडल्याचा आवाज आला, तशी बाबांकडे वळून म्हणाली, "बघा, मामा खरं बोलत होता. आता दुसरी तुम्ही सोडा."